खाते पुसण्याआधी: पत्ता, कपाट आणि कट्टा

सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल असलेल्या ४७ वर्षांच्या बाईंनी मला सविस्तर पत्र लिहिले आहे. २०१० पासून त्या फेसबुकवर आहेत, कविता आणि ललित लेख तिथेच लिहितात, मित्रयादी १,९०० च्या घरात आहे. पुढे इंस्टाग्राम आणि एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांचीही भर पडली. गेल्या दोन वर्षांत त्यांना या सगळ्याचा उबग आला आहे. त्यांनी विचारले आहे की हे सर्व एकदम बंद करावे की टप्प्याटप्प्याने, पंधरा वर्षांच्या लेखनाचे आणि छायाचित्रांचे काय करावे, बंद केल्यावर माहिती खरोखर पुसली जाते का, आणि व्हॉट्सॲपमधून सुटका आहे का. असे प्रश्न इतरांकडूनही येत असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

माझी बाजू आधी सांगणे योग्य ठरेल. २००९ ते २०१८ या काळात मी पुण्यातील एका जाहिरात संस्थेत दुसऱ्यांची पाने चालवण्याचे काम केले. त्यात सराफी पेढ्या होत्या, प्रकाशक होते, क्लासवाले होते आणि दोन निवडणुकांत उमेदवारही होते. त्यानंतर मात्र लोक माझ्याकडे उलट काम घेऊन येऊ लागले, म्हणजे जे पसरले आहे ते आवरून द्या, असे म्हणत. या आवराआवरीतून माझे एक मत पक्के झाले आहे. रागाच्या भरात खाते पुसणाऱ्यांपैकी बरेच जण काही महिन्यांत परत येतात, आणि येतात तेव्हा त्यांच्या हाती पूर्वीचे काहीच उरलेले नसते. जे महिना-दोन महिने खर्च करून, ठरावीक क्रमाने बाहेर पडतात, त्यांना सहसा परतावेसे वाटत नाही. तेव्हा एकदम की हळूहळू, या प्रश्नापेक्षा कोणत्या क्रमाने, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. कविता लिहायला बसले की तिच्यावर कोण काय म्हणेल हे आधी मनात येते आणि ओळ त्या बाजूला वळते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते आपल्या उबगाचे मूळ इथे आहे, आणि यात आपल्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही. ती जागा बांधलीच तशी आहे. हे मी दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. सराफी पेढीच्या पानावर आम्ही नव्या ठुशीचे देखणे छायाचित्र टाकले की चाळीस-पन्नास लाइक येत असत. त्याच पानावर ‘मंगळसूत्र रोज घालावे की फक्त सणावाराला?’ असे विचारले की दोन दिवस भांडण चाले आणि पोस्ट कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचे. पुढे पुढे महिन्याला असे चार ‘पेटणारे’ प्रश्न टाकायचे, असे आम्ही वेळापत्रकातच लिहून ठेवत होतो. पेढीचे मालक खूश होते, आम्हीही होतो. आज त्याची लाज वाटते.

आमची ही युक्ती चालत होती, कारण यंत्रणेचे गणितच तिला अनुकूल होते. इंस्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणे सोडले. फेसबुकने २०१७ पासून काही काळ हसऱ्या, रडक्या, रागीट चेहऱ्यांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांतील ‘अर्थपूर्ण’ संवाद वाढवण्याच्या नावाखाली कमेंट आणि शेअर यांना अधिक महत्त्व देणारा बदल जाहीर केला. कंपनीतून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून असे दिसले की या बदलामुळे मजकूर अधिक संतप्त होत असल्याचे कंपनीच्या स्वतःच्या संशोधकांनी लिहून दिले होते. म्हणजे आपल्या शांत कवितेखाली सहा लाइक आणि शेजाऱ्याच्या तिरकस शेऱ्याखाली सहाशे, यावरून कवितेविषयी काही कळत नाही. पंधरा वर्षे रोज तेच आकडे पाहिल्यावर मात्र ते लिहिणाऱ्याच्या हातात उतरतात, आणि आपल्याला नेमकी तीच जाणीव झाली आहे.

असे असले तरी लगेच डिलीटचे बटण दाबू नये, असेच मी सांगेन. आपल्या खात्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. ते आपला पत्ता आहे, कारण जुन्या मैत्रिणी, संपादक, माजी विद्यार्थी आपल्याला तिथे शोधतात. ते आपले कपाट आहे, कारण लेखन आणि छायाचित्रे तिथेच ठेवली आहेत. आणि तो गावातला कट्टा आहे, जिथे आपण दिसतो आणि इतरांना पाहतो. आपण विटला आहात त्या कट्ट्याला. खाते पुसले तर मात्र पत्ता आणि कपाटही त्याबरोबर जातात. भाड्याची खोली सोडताना आधी टपाल नव्या पत्त्यावर वळवावे, मग सामान हलवावे, आणि किल्ली शेवटी द्यावी, इतका साधा हा क्रम आहे.

पत्त्याचे काम सर्वांत कंटाळवाणे असते आणि नेमके तेच टाळले जाते. १,९०० नावांची यादी पाहून छाती दडपते, म्हणून मी लोकांना एक कसोटी देतो: घरात लग्न निघाले तर ज्यांना पत्रिका हाताने द्यायला जाल किंवा निदान फोन करून बोलवाल, तेवढीच नावे वहीत लिहा. यादी साधारणपणे चाळीस ते सत्तरच्या दरम्यान थांबते. मग त्यात कामाच्या माणसांची भर घालावी. आपल्या बाबतीत दिवाळी अंकांचे संपादक महत्त्वाचे आहेत, कारण लेखाची मागणी आता बहुतेक मेसेंजरवरच येते. या सर्वांना एकेक करून, सामायिक निरोप न पाठवता, आपला फोन क्रमांक आणि ईमेल कळवावा आणि त्यांचा मागून घ्यावा. जमल्यास टपालाचा पत्ताही मागावा. लोक चकित होतात आणि आनंदाने देतात. वाढदिवसही याच वेळी उतरवून घ्यावेत, कारण ते आता कोणाच्याच लक्षात राहिलेले नाहीत.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. ‘फेसबुकने लॉगिन करा’ असे म्हणून आपण कोणकोणत्या ॲपमध्ये शिरला आहात, याची यादी खात्याच्या सेटिंग्जमध्ये मिळते. त्या प्रत्येक ठिकाणी ईमेल आणि वेगळा पासवर्ड लावून घ्यावा. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी खाते पुसल्यावर त्यांना कळले की संगीत ऐकण्याच्या ॲपमधील आठ वर्षांच्या याद्या त्याच किल्लीने उघडत होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे पान आपणच चालवता, असे पत्रात आहे. ज्या पानाचे आपण एकटेच ॲडमिन आहोत ते पान आपल्या खात्याबरोबरच जाते. त्यामुळे आधी दुसऱ्या कोणाला तरी पूर्ण अधिकार देऊन ठेवावेत, आणि ते त्याने स्वीकारले आहेत हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे, निरोपाची पोस्ट लिहू नये. ‘मित्रहो, आता थांबते’ अशी पोस्ट पडली की दीडशे जण ‘ताई, जाऊ नका’ असे लिहितात, ते वाचायला आपण दिवसातून वीस वेळा तिथे जातो, आणि आठवड्याभरात आभाराची पोस्ट लिहून मुक्काम वाढवतो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे हसूही येत नाही.

आता कपाटाकडे वळतो. आपण पेशाने ग्रंथपाल आहात, त्यामुळे या भागात आपल्याला रस वाटेल आणि तो सर्वांत नीट जमेलही. फेसबुक आणि इंस्टाग्राम या दोन्हींची माहिती ‘अकाउंट्स सेंटर’मधून उतरवून घेता येते. तिथे मागणी नोंदवताना दोन पर्याय दिसतात आणि त्या दोन्ही ठिकाणी मराठी माणसाची हमखास चूक होते. पहिला पर्याय फाइलच्या प्रकाराचा आहे. एचटीएमएल आणि जेसन असे दोन प्रकार असतात; तांत्रिक नावाला भुलून किंवा कोणाच्या तरी सल्ल्याने लोक जेसन निवडतात. ती फाइल उघडली की इंग्रजी मजकूर नीट दिसतो, पण देवनागरीच्या जागी तिरकी रेघ, यू, दोन शून्ये आणि मग काही अक्षरे-आकडे, अशा माळाच माळा दिसतात. आपल्या शेकडो कविता अशा आकड्यांत गेलेल्या पाहून एका कवींनी मला रात्री साडेअकराला फोन केला होता. त्या माळांतून मराठी परत मिळवता येते, पण त्यासाठी थोडे प्रोग्रामिंग येणारा माणूस लागतो. एचटीएमएल निवडले तर फाइल संगणकावरच्या साध्या ब्राउझरमध्ये उघडते आणि मराठी मराठीसारखी दिसते. दुसरा पर्याय छायाचित्रांच्या दर्जाचा. तिथे सर्वांत वरचा दर्जा निवडावा, आणि कालावधी ‘सर्व’ ठेवावा. माहिती तयार झाल्याची सूचना आली की ती उतरवून घेण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. त्यामुळे लांबच्या प्रवासाच्या आधी ही मागणी नोंदवू नये. एक्सचेही असेच आहे; तिथे मागणी केल्यावर एक-दोन दिवस, कधी अधिकही, थांबावे लागते.

फाइल आली म्हणजे काम झाले, असे समजू नये. त्यात आपण लिहिलेल्या पोस्ट असतात, आपण इतरत्र केलेल्या कमेंट असतात, पण आपल्या कवितेखाली इतरांनी जे लिहिले ते नसते. दुसऱ्यांनी काढलेली आणि आपल्याला टॅग केलेली छायाचित्रेही नसतात. चांगल्या लेखनाखालची चर्चा हाच कधी कधी मूळ पोस्टपेक्षा मोलाचा ऐवज असतो. आपल्या पत्रात ज्या पोस्टचा उल्लेख आहे, म्हणजे आईच्या जात्यावरच्या ओव्या आपण लिहिल्या आणि खाली साठ-सत्तर बायकांनी आपापल्या गावच्या ओव्या जोडल्या, ती पोस्ट याचे उत्तम उदाहरण आहे. त्या बायकांच्या ओव्या आपल्या फाइलमध्ये येणार नाहीत. अशा निवडक पोस्ट संगणकावर उघडाव्यात, सगळ्या कमेंट आणि ‘आणखी वाचा’ हे दुवे एकेक करून उलगडावेत, आणि छपाईच्या आज्ञेतून पीडीएफ करून ठेवावेत. हे काम वेळखाऊ आहे, त्याला जवळचा रस्ता नाही. ओव्या ज्यांच्या आहेत त्यांची नावे त्यांच्यासमोर राहू द्यावीत. पुढे कधी त्या छापायच्या झाल्या तर विचारता येईल.

हा सगळा संग्रह दोन ठिकाणी ठेवावा, एक घरात आणि एक घराबाहेर. माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे हा आग्रह का ते कळेल. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, पण तिथली आपली माहिती उतरवून घेण्यासाठी सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिलेली होती. दोन वर्षे! आमच्या मित्रमंडळातील एकाचा त्यापूर्वीच अपघाती मृत्यू झाला होता आणि त्याच्याशी झालेले तीन वर्षांचे बोलणे माझ्या त्या खात्यात होते. दिवाळीत करू, उन्हाळ्यात करू, असे म्हणत मी ती मुदत घालवली. दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून कोणाचेही खाते आवरायला घेतले की मी आधी उतरवून घेतलेली फाइल स्वतः उघडून पाहतो आणि मगच पुढे जातो.

माहिती खरोखर पुसली जाते का, याचे सरळ उत्तर असे की आपल्या खात्यापुरती जाते, पण लगेच नाही आणि सर्वत्र नाही. ‘डीॲक्टिव्हेट’ केले तर खाते फक्त झाकले जाते आणि मेसेंजर चालूही ठेवता येतो. ‘डिलीट’ची विनंती केल्यावर फेसबुक आणि इंस्टाग्राम ३० दिवस थांबतात, त्या काळात लॉगिन करून विनंती मागे घेता येते. त्यानंतर सर्व यंत्रणांतून माहिती जायला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, असे कंपनीच सांगते. एक्सवर बंद केलेले खाते ३० दिवसांपर्यंत परत सुरू करता येते. आपण इतरांना पाठवलेले निरोप मात्र त्यांच्याकडे राहतात, त्यांनी काढलेली आपली छायाचित्रे राहतात, कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तोही राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. हक्क मोलाचा आहे, पण मामेबहिणीच्या फोनमधील आपले छायाचित्र त्याने जाणार नाही. त्यासाठी मामेबहिणीलाच सांगावे लागेल.

ज्यांना खाते ठेवायचे आहे पण जुने लेखन उघड्यावर नको आहे, त्यांनी आधी ‘पूर्वीच्या पोस्ट मर्यादित करा’ ही सोय वापरावी. त्यामुळे सर्वांना दिसणारे जुने लेखन एका फटक्यात मित्रांपुरते होते. मग ‘मॅनेज ॲक्टिव्हिटी’मधून वर्षवार पोस्ट निवडून बाजूला ठेवाव्यात किंवा कचऱ्यात टाकाव्यात, तिथेही त्या ३० दिवस राहतात. महाराष्ट्रात तरी या कामाकडे निव्वळ हौस म्हणून पाहू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, आणि त्यांतील एकीने तर ती पोस्ट फक्त लाइक केली होती. ज्या कलमाची त्या प्रकरणामुळे देशभर चर्चा झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे खरे. तरीही दहा वर्षांपूर्वी कोणत्या संदर्भात काय लिहिले होते, हे आज पोस्ट उकरून काढणाऱ्याला सांगत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

राहता राहिला कट्टा, म्हणजे सवय. ही खात्यात नसते, अंगठ्यात असते. दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त अभियंत्यांनी निवडणुकीच्या वादाला कंटाळून सोळा वर्षांचे खाते एका रात्रीत पुसले. दोन महिन्यांनी त्यांनी ‘नुसते पाहण्यापुरते’ दुसरे खाते उघडले. त्यात मित्र कोणीच नव्हते, म्हणून यंत्रणेने अनोळखी लोकांचे व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली, आणि पूर्वी दिवसाला तासभर जात होता तिथे आता अडीच तास जाऊ लागले. पूर्वी निदान भाच्याचा साखरपुडा तरी दिसत होता, असे ते मला म्हणाले.

म्हणून खाते पुसण्याच्या आधी निदान चार आठवडे त्याच्याशिवाय राहून पाहावे. या मुदतीला आधार आहे. २०१८ मध्ये हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकीपूर्वी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले होते. त्यांचा दिवसाला साधारण तासभर वाचला, आणि तो बऱ्याच अंशी घरच्यांत, मित्रांत आणि दूरदर्शन पाहण्यात गेला. समाधान थोडेसे वाढले, राजकीय टोकाचेपणा कमी झाला, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावर परतलेले लोक पूर्वीपेक्षा कमी वेळ तिथे घालवू लागले. ‘थोडेसे’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. खाते बंद केले म्हणून एकटेपणा, पाठदुखी आणि साहेबांचा स्वभाव यांपैकी काहीही बदलत नाही. तशी अपेक्षा ठेवणारे लोक पंधराव्या दिवशी निराश होतात.

या चार आठवड्यांत फोनमधून तिन्ही ॲप काढून टाकावीत. पाहायचेच झाले तर संगणकावर, ब्राउझरमध्ये, प्रत्येक वेळी पासवर्ड हाताने टाइप करून पाहावे आणि काम झाल्यावर लॉगआउट करावे. पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवू देऊ नये. तो लांब आणि किचकट करून स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्यात कागदावर लिहून ठेवावा, असे मी सुचवतो तेव्हा लोकांना ती गंमत वाटते. प्रत्यक्षात डबा काढायला स्टूल आणावे लागते, आणि निम्म्या वेळा माणूस स्टुलाकडे पाहून परत फिरतो. सोबत एक वही ठेवावी आणि फोनकडे हात गेला की वेळ आणि निमित्त दोन शब्दांत लिहावे. आठवड्याने वही वाचली की बहुतेकांना आपली ठरलेली दोन-तीन ठिकाणे सापडतात: कुकरच्या शिट्ट्यांची वाट पाहताना, बसथांब्यावर, रात्री अंथरुणात. त्या जागी दुसरे काही ठेवता आले तर ठेवावे, नाहीतर कंटाळा तसाच राहू द्यावा. कविता बहुधा तिथेच सुचत होत्या, असे आपल्याच जुन्या लेखनावरून मला वाटते.

अडथळा किती लहान असला तरी चालतो, याचे उदाहरण फार दुःखद आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेली ती माणसे होती. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. देशभरात अशा घटना घडल्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा पुढे पाठवला गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम केला आणि असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचे नंतर सांगितले. कोणाचे तोंड बंद केले नव्हते, फक्त दोन-चार वेळा जास्त बोट लावावे लागत होते.

व्हॉट्सॲपमधून सुटका आहे का, याला माझे उत्तर नाही असेच आहे. महाविद्यालयाच्या सूचना, सोसायटीचा टँकर, दवाखान्याची वेळ, सगळे तिथेच आले आहे, आणि त्यातून बाहेर पडणारा माणूस शेजाऱ्याला निरोप्या बनवतो. तिथे राहून आवाज कमी करावा. ऑगस्ट २०२२ पासून समूहातून बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, तेव्हा शाळेच्या तीन वेगवेगळ्या माजी विद्यार्थी समूहांपैकी दोन सोडायला हरकत नाही. भावकीचा समूह सोडू नये. त्याने होणारे गैरसमज निस्तरायला पुढची दोन लग्ने लागतात. तो कायमचा म्यूट करावा, अर्काइव्हमध्ये ठेवावा आणि रविवारी सकाळी एकदा चाळावा. आपल्याला समूहात कोणी घालावे, हे सेटिंग्जमध्ये ‘माझे संपर्क’ इतके मर्यादित करावे. आणि सुप्रभातच्या संदेशांना उत्तर देणे थांबवावे. पहिले आठ दिवस दोन आत्या फोन करून तब्येत विचारतील, नंतर त्यांनाही सवय होईल.

एकट्याने हे करणे जड जाते, यात वाद नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला त्यातले भोंग्याचे विशेष वाटते. सगळ्यांचेच बंद असल्यामुळे आपल्याला काही कळायचे राहून जाईल, ही धास्तीच उरत नाही. आपल्या घरात चार माणसे आहेत. भोंगा नसला तरी जेवणाच्या वेळी चारही फोन एका परडीत ठेवता येतील; मात्र परडीत पहिला फोन आपला असावा, कारण मुले बाकी काही पाहत नसली तरी हे बरोबर पाहतात.

तारखांविषयी शेवटचे. परीक्षा संपल्या की मेमध्ये आपल्याला सवड मिळते, असे आपण लिहिले आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात याद्या आणि पत्ते, दुसऱ्यात कपाट, म्हणजे उतरवून घेतलेली फाइल उघडून तपासणे आणि ओव्यांची पोस्ट पीडीएफ करणे. जूनचे चार आठवडे ॲपशिवाय. इंस्टाग्राम आणि एक्स ही खाती आपल्याला फारशी लागत नाहीत, ती जूनमध्येच पुसली तरी चालेल. फेसबुकचा निर्णय जुलैत घ्यावा, आणि तो ठेवण्याचा झाला तरी त्यात कमीपणा मानू नये. डिलीटची विनंती करायची ठरली तर मात्र पुढचे तीस दिवस मोकळे आहेत ना, हे पाहावे. आपला वाढदिवस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्या दिवशी कोणी काय लिहिले असेल ते पाहायला माणूस हमखास लॉगिन करतो आणि विनंती रद्द करून बसतो. तेव्हा विनंती १ ते ५ जुलैच्या दरम्यान करावी, म्हणजे वाढदिवसापर्यंत मुदत संपलेली असेल आणि शुभेच्छा द्यायच्या असतील त्यांना फोनच करावा लागेल.